भ्रष्टाचाराच्या आत्मपरीक्षणात बायकांचा रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरअखेरीस राज्यातल्या सरकारी कार्यालयांत दक्षता जनजागृती सप्ताह होतो. कर्मचारी रांगेत उभे राहून शपथ घेतात, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक दर्शनी भागात लागतो, शाळा-महाविद्यालयांत स्पर्धा होतात. हे व्हायलाच हवे. पण आपल्या कार्यालयात नेमक्या कोणत्या टेबलावर, कामाच्या कोणत्या टप्प्यावर, कोणाकडून पैसे किंवा आणखी काही मागितले जाऊ शकते, हे कार्यालयाने स्वतःच शोधून लिहून काढायची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. ती सुरू व्हावी आणि पहिल्या दिवसापासून बायकांना धरून व्हावी, यासाठी हे पत्र.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने भ्रष्टाचारविरोधी करार स्वीकारला तो ३१ ऑक्टोबर २००३ रोजी, म्हणजे आपला दक्षता सप्ताह असतो त्याच दिवसांत. भारताने डिसेंबर २००५ मध्ये त्यावर सही केली आणि मे २०११ मध्ये त्याला मान्यता दिली. करारातल्या प्रत्येक देशाने ठरलेल्या प्रश्नावलीवर आधी स्वतःचे मूल्यमापन करायचे आणि मग दुसऱ्या दोन देशांनी ते तपासायचे, अशी त्याची रीत आहे. उत्तरे तयार करताना सरकारबाहेरच्या लोकांशीही व्यापक सल्लामसलत करण्याचा प्रयत्न व्हावा, असे या तपासणीच्या नियमांतच म्हटले आहे. जून २०२१ मध्ये आमसभेच्या विशेष अधिवेशनात सगळ्या देशांनी आणखी एक गोष्ट कबूल केली: भ्रष्टाचाराची झळ स्त्रियांना आणि पुरुषांना वेगवेगळी कशी बसते, हे अधिक नीट समजून घेऊ.

आपल्या देशात या कराराचे काम दिल्लीतला कार्मिक व प्रशिक्षण विभाग पाहतो. पण जमीन महसूल, पोलीस, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्यघटनेप्रमाणे राज्यांचे विषय आहेत. सामान्य बाईची सरकारशी गाठ पडते ती तलाठी कार्यालयात (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे), पोलीस ठाण्यात, ग्रामीण रुग्णालयात. तिथली खरी स्थिती दिल्लीत बसून कोणालाही भरता येणार नाही. राज्याने आपले आत्मपरीक्षण केले नाही, तर देशाच्या उत्तरात कायद्यांची यादी तेवढी जाते.

अशा प्रश्नावल्या भरल्या कशा जातात, हे प्रशासनाशी संबंध आलेल्या कोणालाही माहीत आहे. वरून नमुना येतो, ‘तात्काळ’ असा शेरा असतो, आणि आस्थापना शाखेतला एक लिपिक दुपारभर बसून तो भरतो. तक्रार निवारणाची यंत्रणा आहे का? होय. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती आहे का? होय. तक्रारी किती? निरंक. सलग चार वर्षे निरंक असेल तर ते कार्यालय उत्तम चालले आहे असे धरले जाते. खरे तर त्या आकड्याने तपासणी सुरू व्हायला हवी. समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आहे का, बाहेरच्या सदस्य शेवटच्या केव्हा आल्या, फलकावरची नावे बदली होऊन गेलेल्यांची तर नाहीत ना, हे पाहायला अर्धा तासही लागत नाही. म्हणून आत्मपरीक्षणाचा पहिला नियम असा असावा: ‘होय’ या उत्तराला कागद जोडलेला नसेल, तर ते उत्तर ‘नाही’ धरायचे.

आता आकडेवारी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात लाचलुचपतीचे सर्वाधिक गुन्हे महाराष्ट्रात नोंदले गेले, ७४९. त्यावरून राज्य सर्वांत भ्रष्ट ठरत नाही. तक्रार नोंदवून घेणारी आणि सापळे लावणारी यंत्रणा इथे इतरांपेक्षा अधिक हलते, असाही त्याचा अर्थ होतो. मात्र तक्रार करायला किती बायका आल्या, हे त्या तक्त्यांतून कळत नाही. ज्या कामांत अर्जदार प्रामुख्याने बायकाच असतात, त्यांतल्या तक्रारी किती, हेही नाही.

तीन उदाहरणे घेतो, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते स्पष्ट होईल.

पहिली सेवा, वारसनोंद. खातेदार वारल्यावर अर्ज होतो, चौकशी होऊन वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये नावे येतात, मग फेरफार म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस ठेवतात, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. यात पाणी मुरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: अर्जाची पोच न देणे, नोटीस बजावल्याचे नुसतेच दाखवणे, दिराला हरकत घ्यायला लावून प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत ढकलणे. विधवेला हेलपाटे पडतात, एजंट गाठावा लागतो, सोबत कोणाला तरी न्यावे लागते आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. हे निदान दिसते तरी. न दिसणारा भाग वेगळाच आहे. भाऊ अर्ज करतो आणि वारसांच्या यादीतून लग्न झालेल्या बहिणीचे नाव गळते, किंवा ते सातबाऱ्यावर कब्जेदार सदरी म्हणजे मालकाच्या रकान्यात न लागता ‘इतर हक्कात’ ढकलले जाते. चिरीमिरी भावाने दिली, घेतली कर्मचाऱ्याने, आणि हक्क गेला तो कार्यालयाची पायरीही न चढलेल्या बाईचा. महाराष्ट्रात हिंदू कुटुंबांतल्या मुलींना, त्याआधी लग्न झालेल्या वगळता, वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क १९९४ पासून आहे. केंद्राने २००५ मध्ये तो लग्न झालेल्या मुलींनाही दिला. लाच देणाऱ्यालाच ‘पीडित’ समजणाऱ्या कोणत्याही पाहणीत ही बहीण सापडणार नाही.

ती सापडते कागदात. तालुक्यातले गेल्या दोन वर्षांतले १०० वारस फेरफार काढावेत. दर पाचवा किंवा दहावा असे क्रमाने घ्यावेत, सोयीचे निवडू नयेत. अर्जाची तारीख, नोंद धरल्याची तारीख, प्रमाणित झाल्याची तारीख, अर्जदार स्त्री की पुरुष, यादीत मुली किती, सातबाऱ्यावर किती आणि कोणत्या रकान्यात, एवढे नऊ-दहा रकाने पुरतात. वादग्रस्त प्रकरणे वेगळी मोजावीत, कारण त्यांना साहजिकच जास्त दिवस लागतात. बाईच्या अर्जाला जास्त दिवस लागले म्हणून लाच मागितली असे सिद्ध होत नाही. पण फरक एकाच मंडळात वारंवार दिसत असेल, तर कुठे पाहायचे ते कळते. गावातल्या माहितगार बाईकडून मुलींची खरी संख्या ताडून घेतली की गळलेली नावेही दिसतात. दोन लिपिक आणि एक संगणक चालक यांचे हे दोन आठवड्यांचे काम आहे.

दुसरी सेवा, सरकारी रुग्णालयातले बाळंतपण. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण, येण्या-जाण्याची गाडी, सारे मोफत. तरीही ‘खुशी’ मागितली जाते आणि मुलगा झाला की तिचा दर वाढतो. इथे टप्पे पाडूनच विचारावे लागते: फाटकावर, केसपेपरला, बाळंतपणाच्या खोलीत, बाळ नातेवाइकांच्या हाती देताना, खाटेची साफसफाई करताना, घरी सोडणाऱ्या गाडीत, जन्मदाखल्याला. ‘लाच दिली का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते, कारण लोक याला लाच समजत नाहीत. ‘बाळ हातात देताना काही द्यावे लागले का?’ याला मात्र लगेच उत्तर मिळते. वॉर्डातच विचारले तर कोणी बोलणार नाही. घरी गेल्यावर महिनाभराच्या आत, दुसऱ्या गावच्या बचत गटातल्या बाईने विचारावे. हे काम आशाताईंवर टाकू नये. त्यांना त्याच रुग्णालयात रोज जायचे असते, आणि त्यांच्या स्वतःच्या मोबदल्याचे कागद कोणाच्या तरी टेबलावरून पुढे सरकायचे असतात. त्यांना विचारायचे ते त्यांच्या मोबदल्याबद्दल, वेगळ्या बैठकीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बायका जात्याच प्रामाणिक असतात, म्हणून त्यांना टेबलावर बसवा, असे आमचे म्हणणे अजिबात नाही. बाळंतपणाच्या खोलीत पैसे मागणाऱ्याही बऱ्याचदा बायकाच असतात, आणि त्यातला वाटा वर कुठवर जातो हा प्रश्न वेगळा. कोणाच्या हातात अधिकार आहे, कोणाला अडवता येते आणि अडलेल्याकडे दुसरा मार्ग आहे की नाही, हे पाहायचे असते. स्त्रियांकडे पैसा, वाहन, ओळखी आणि मोकळा वेळ कमी, म्हणून त्या अधिक अडतात. दिव्यांग, तृतीयपंथी, स्थलांतरित ऊसतोड कुटुंबे आणि जातीचा दाखला मिळवता मिळवता थकलेली भटकी कुटुंबे यांचेही तेच आहे. त्यामुळे रकाना नुसता ‘स्त्री/पुरुष’ ठेवून भागत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आणि म्हणूनच सगळ्यांत टाळली जाणारी: कामाच्या बदल्यात पैशांऐवजी शरीरसंबंधाची मागणी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘अनुचित लाभ’ ही व्याख्या आली, आणि असा लाभ पैशांत मोजता येण्याजोगाच असला पाहिजे असे नाही, हे तिथे स्पष्ट केले आहे. म्हणजे लैंगिक मागणी ही कलम ७ खालची लाचच ठरू शकते. मिळवण्याचा प्रयत्न करणे हाही गुन्हा आहे. प्रत्यक्ष काही घडायला हवे असे नाही. पण याच दुरुस्तीने लाच देणाऱ्यालाही कलम ८ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र केले. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच सूट. पैशांच्या बाबतीत सात दिवस समजू शकतात. जिच्याकडून असली किंमत वसूल झाली, तिला स्वतःशी हे कबूल करायलाच महिना लागतो. आठव्या दिवशी आलेल्या बाईला कोणी ‘लाच देणारी’ धरणार नाही, असे कलमात कुठेही लिहिलेले नाही.

आपली तपासपद्धतही पैशांसाठी घडलेली आहे. तक्रार येते, पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, नोटांना पावडर लावतात, साहेबांनी नोटा घेतल्या की हात रसायनात बुडवतात आणि पाणी गुलाबी होते. लैंगिक मागणीत पावडर कशाला लावणार? इथे पुरावा मागणीचाच असतो: संदेश, आवाजाची नोंद, रात्री-अपरात्री आलेले फोन, अर्ज विनाकारण अडल्याच्या तारखा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की तक्रारदार फिरला किंवा हयात नसला, तरी मागणी इतर पुराव्यांवरून सिद्ध करता येते. दबावाखाली जबाब बदलणाऱ्या बायकांच्या प्रकरणांत हा निकाल फार कामाचा आहे. पडताळणीच्या पथकात महिला अधिकारी आणि महिला पंच कायम हव्यात, आणि अशा तक्रारीची पडताळणी कशी करायची याची लेखी कार्यपद्धती लाचलुचपत विभागाच्या प्रत्येक परिक्षेत्रात हवी.

दुसरा दरवाजा आहे २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचा. त्या कायद्यात पीडित महिला म्हणजे ‘नोकरीत असलेली किंवा नसलेली’ कोणत्याही वयाची स्त्री. म्हणजे कामासाठी तहसीलमध्ये आलेली बाईसुद्धा तिथल्या अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकते, तीही तीन महिन्यांत, आणि सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांची वाढ मिळू शकते. हे अर्जदार बायकांना तर माहीत नाहीच, अनेक समित्यांनाही माहीत नाही. समितीचा आदेश दर्शनी भागात लावणे कायद्याने बंधनकारक आहे. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या ढिल्या अंमलबजावणीवर कडक बोल सुनावून सरकारी कार्यालयांतल्या समित्यांची पडताळणी करायला सांगितले होते. आत्मपरीक्षणात दोन प्रश्न इथून घ्यावेत. फलकावर ‘कामासाठी आलेल्या महिलाही तक्रार करू शकतात’ हे वाक्य आहे का? आणि समितीपुढे आलेल्या तक्रारीत शासकीय काम अडवल्याचा भाग असेल, तर तक्रारदार बाईच्या संमतीने तो लाचलुचपत विभागाकडे जातो का? आज हे दोन दरवाजे एकमेकांकडे उघडत नाहीत.

आता हे करायचे कोणी आणि कसे? आमचा आग्रह छोट्या सुरुवातीचा आहे. अख्ख्या विभागाचे एकदम मूल्यमापन काढले की ३०० पानांचा अहवाल होतो आणि कोणी वाचत नाही. एका तालुक्यात एक सेवा, १२ आठवडे, एवढेच घ्यावे. गट आठ जणांचा असावा: एक अधिकारी, दोन लिपिक (त्यांतली एक महिला), एक शिपाई किंवा चतुर्थ श्रेणीतली कर्मचारी, एक लेखा शाखेचा, आणि बाहेरचे तिघे, म्हणजे बचत गटांच्या संघातल्या, एकल महिलांमध्ये काम करणाऱ्या आणि दिव्यांग संघटनेतल्या व्यक्ती. गटाचे काम चालवणारा दुसऱ्या जिल्ह्यातून यावा. आपल्याच साहेबांसमोर आपलेच टेबल कसे चालते हे कोणी सांगत नाही, यात त्या माणसाचा दोष नाही.

बायकांच्या बैठका वेगळ्या घ्याव्यात, अकरा ते दोनच्या दरम्यान, मुलांना सांभाळण्याच्या सोयीसह आणि बुडालेल्या रोजाच्या भरपाईसह. या भरपाईची तरतूद नसेल तर बैठकीला मजुरी करणारी बाई येत नाही. सरपंच, पोलीस पाटलांच्या घरच्या येतात आणि ‘आमच्या गावात काही तक्रार नाही’ असे इतिवृत्तात लिहिले जाते. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण बैठकीत शेजारी पतिराज बसले असतील तर त्या निम्म्या जागांचा उपयोग नाही.

विचारणाऱ्यांना दोन गोष्टी पक्क्या शिकवायला हव्यात. एक, नाव-गाव लिहायचे नाही. पैसे दिल्याचे सांगणारी व्यक्ती कलम ८ मुळे अडचणीत येऊ शकते, हे तिला कदाचित माहीत नसेल, पण विचारणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. तक्त्यात एखाद्या गावातून पाचपेक्षा कमी उत्तरे असतील तर तो आकडा गावनिहाय छापू नये. गावात कोण बोलले ते लगेच ओळखले जाते. दोन, लैंगिक मागणीचा विषय निघाला तर खोदून विचारायचे नाही. १८१ ही हेल्पलाइन, पीडित महिलांना मदत करणारे जिल्ह्याचे सखी केंद्र आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांची माहिती असलेली चिठ्ठी हाती द्यायची. प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो, हेही सांगायचे. पुढे काय करायचे ते तिने ठरवायचे.

प्रशिक्षणाची जागा आपल्याकडे आहे. पुण्याची ‘यशदा’ ही राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आणि विभागीय प्रशिक्षण संस्था हे सहज करू शकतात. फक्त ते सभागृहातले व्याख्यान नको. तीन दिवसांपैकी एक दिवस कायदा आणि टप्प्यांचा नकाशा, दुसरा दिवस खऱ्या फायली आणि मुलाखतीचा सराव, तिसरा दिवस निष्कर्ष लिहिण्याचा. हा तिसरा दिवस नेहमी कापला जातो, आणि मग ‘जनजागृती करण्यात यावी’ असे निष्कर्ष येतात. चांगला निष्कर्ष असा असतो: अमुक टप्प्यावर पोच मिळत नाही, अमुक पदाच्या अधिकाऱ्याने अमुक तारखेपासून संगणकीय पोच द्यावी, सहा महिन्यांनी ३० अर्ज काढून तपासावे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात पोच आणि मुदत दोन्ही आहेत, दंडही ५०० ते ५,००० रुपयांचा आहे, त्यामुळे नवा कायदा लागत नाही.

बदल्यांचा विचार मात्र आधीच करावा. २००५ च्या कायद्याप्रमाणे एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. एकट्या अधिकाऱ्याला शिकवले तर तो गेला की काम बसते. म्हणून प्रत्येक कार्यालयातून अधिकारी आणि लिपिक अशी जोडी शिकवावी, आणि कामाची संचिका वैयक्तिक संगणकात न राहता अभिलेख कक्षात राहावी.

शेवटी अहवालाचे काय? तो माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली स्वतःहून प्रसिद्ध व्हावा, आणि त्यातल्या प्रत्येक बाबीचा आढावा जिल्ह्याच्या महिला लोकशाही दिनात घेतला जावा. तो दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, त्यासाठी नवी बैठक लागत नाही. ज्या कार्यालयाने जास्त जोखमी शोधून काढल्या त्याला नोटीस काढू नये. एकदा नोटीस निघाली की पुढच्या वर्षी सगळीकडून निरंक येईल.

मुख्य सचिवांनी येत्या आर्थिक वर्षात प्रत्येक महसुली विभागातला एक तालुका आणि एक सेवा निवडून सहा ठिकाणी हे सुरू करावे. महसूल आणि आरोग्य विभागांनी आपापल्या सेवांचे नमुना रकाने ठरवून द्यावेत, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने तक्रारदाराच्या नोंदीत लिंग आणि मागणीचे स्वरूप (पैसे, वस्तू, लैंगिक, इतर) हे दोन रकाने वाढवून त्यांची एकूण आकडेवारी, कोणाचीही ओळख उघड न करता, दरवर्षी जाहीर करावी. शेवटच्या कामाला तर खर्चही नाही; पुढच्या दक्षता सप्ताहाच्या आत ते होऊ शकते.

आपले,
सामाजिक अंकेक्षण आणि प्रशासकीय प्रशिक्षणाच्या क्षेत्रातील काही वाचक, पुणे